येरझाऱ्या घालणारी ट्रॉली

आपल्याकडे ट्रॉली म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती ट्रॅक्टरमागची, उसाने भरलेली. रेल्वेतल्या माणसाला आठवते ती रूळ तपासायला जाणारी, ढकलत न्यायची ट्रॉली. या लेखातली ट्रॉली मात्र तिसरीच आहे. रस्त्यातल्या रुळांवरून धावणारी, डोक्यावरच्या दांडीने तारेतून वीज घेणारी गाडी. आपण तिला ट्राम म्हणतो, अमेरिकेत तिला ट्रॉली म्हणतात. १८८८ साली फ्रँक स्प्रेग यांनी अमेरिकेतल्या रिचमंड शहरात अशा गाड्यांचं मोठं जाळं यशस्वीपणे चालवून दाखवलं आणि मग ही कल्पना जगभर पसरली. मुंबईत १८७४ पासून घोडे ट्राम ओढत होते, १९०७ मध्ये विजेची ट्राम आली आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली. आपल्या आजोबांच्या पिढीला विचारा, खडखडाटासकट सांगतील.

या गाडीची एक मूळ अडचण आहे. रूळ संपले की पुढे काय? वाफेचं इंजिन फिरवायला गोल फिरणारी टर्नटेबल लागायची. भर बाजारात ट्रामसाठी तेवढी जागा कुठून आणणार? म्हणून अनेक ट्रामना दोन्ही टोकांना चालवायची सोय असायची. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हर हँडल काढून दुसऱ्या टोकाला जायचा, कंडक्टर दोरीने दांडी उलट्या बाजूला फिरवायचा, की गाडी परत निघाली. चर्चगेटला लोकल आजही वळत नाही. तिच्या दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन असते, म्हणून ती आली तशी परत जाते.

आता हेच टेबलावर करायचं, तेही ड्रायव्हर आणि कंडक्टर नसताना. ते कसं करतात, हे या लेखात सांगायचं आहे. इलेक्ट्रॉनिक्सवाले म्हणतील, "एक टायमर आणि एक रिले, संपलं!" संपत नाही. का, ते पुढे पाहू.

आमची अट काय होती

आमच्या होस्टेलच्या कॉमन रूममध्ये कॅरम बोर्डाच्या पलीकडे सहा फुटी प्लायवूडवर एक मॉडेल रेल्वे आहे. अशा मांडणीला लेआउट म्हणतात. आमचा लेआउट एच-ओ स्केलचा, म्हणजे १:८७. खऱ्या स्टँडर्ड गेज रुळांमधलं अंतर १४३५ मि.मी. असतं, त्याला ८७ ने भागलं की १६.५ मि.मी. येतात, तेवढं आमच्या रुळांमधलं अंतर. मधल्या गोल मार्गावर मालगाडी फिरते. तिच्यापुढे, टेबलाच्या कडेला, १७० सें.मी. ची सरळ ट्रॉली लाइन टाकायचं आम्ही ठरवलं.

ट्रॉली एकच आहे. परदेशात नोकरी करणाऱ्या एका सिनियरने सुट्टीवर येताना बॅगेत घालून आणलेली. इथे तिचा स्पेअर पार्ट मिळत नाही. टेबलाच्या खाली अडीच फुटांवर शहाबादी फरशी. रेक्टर सरांनी परवानगी देताना दोनच वाक्यं सांगितली : "गॅदरिंगच्या प्रदर्शनात ही दिवसभर चालली पाहिजे, आणि तिच्यापाशी कोणी लेक्चर बुडवून बसायचं नाही." म्हणजे लक्ष ठेवायला माणूस नाही, आणि पडली तर दुसरी गाडी नाही. सगळं डिझाइन या दोन ओळींतून निघालं.

दिशा कोण ठरवतं

गाडीला दोन्ही रुळांतून डीसी वीज मिळते. नियम साधा आहे : चालत्या दिशेला तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताचा रूळ धन असतो. धन आणि ऋण यांची अदलाबदल केली की गाडी उलटी जाते.

इथे व्हायवाचा एक आवडता प्रश्न. गाडी उचलली, उलटी फिरवली आणि परत रुळांवर ठेवली, तर ती कोणत्या दिशेला जाईल? बहुतेक जण "उलट" म्हणतात. उत्तर : त्याच दिशेला! गाडी फिरवल्यावर तिचे डावे-उजवे बदलले, म्हणून ती 'मागे' जायला लागली. पण तिचं तोंडही फिरलेलं आहे, म्हणून टेबलाच्या हिशेबात दिशा तीच. तेव्हा लक्षात ठेवा, दिशा गाडीत नसते, रुळांत असते. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे.

आपण खिडकीकडच्या टोकाला पूर्व म्हणू आणि दाराकडच्या टोकाला पश्चिम. पूर्वेकडे तोंड केलं की उजवा हात दक्षिणेला. म्हणजे दक्षिण रूळ धन, तर गाडी पूर्वेला. उत्तर रूळ धन, तर गाडी पश्चिमेला.

नुसत्या टायमरवर का विसंबू नये

खरी ट्राम गावातून ताशी २० कि.मी. ने जाते असं धरू. म्हणजे सेकंदाला ५.५६ मीटर. ८७ ने भागलं की सेकंदाला ६.४ सें.मी. या वेगाने आमच्या दोन थांब्यांमधलं १२० सें.मी. अंतर कापायला साधारण १९ सेकंद लागतात. मग टायमर १९ सेकंदांवर लावला, की झालं?

कागदावर झालं. आता ५५५ टायमरचं सूत्र आठवा. कपॅसिटर चार्ज होतो तो दोन्ही रेझिस्टरमधून, डिस्चार्ज होतो तो एकातूनच. म्हणून साध्या जोडणीत जाण्याची आणि येण्याची वेळ सारखी कधीच येत नाही. आमच्या किमतींना (त्या पुढे दिल्या आहेत) हा फरक सुमारे ३ सेकंदांचा. ३ सेकंद गुणिले ६.४ म्हणजे दर फेरीला गाडी जवळजवळ २० सें.मी. एका बाजूला सरकणार. पहिली फेरी छान, दुसरी ठीक, तिसऱ्या-चौथ्या फेरीला गाडी फरशीवर.

कोणी म्हणेल, दोन्ही वेळा सारख्या करणारं सर्किट वापरा. वापरता येतं. पण मोटर गार असताना एक वेग, गरम झाल्यावर दुसरा. रुळांवर धूळ बसली की तिसरा. आम्ही स्टॉपवॉच घेऊन वीस फेऱ्या मोजल्या, तेव्हा तेच अंतर कधी १८ सेकंदांत गेलं, कधी २१ मध्ये. घड्याळ कितीही अचूक आणलं तरी गाडी अचूक नाही, आणि घड्याळाला गाडी दिसत नाही. चूक दर फेरीला साठत जाते. कंट्रोल सिस्टिमच्या पुस्तकात याला ओपन लूप म्हणतात. पेपरात दोन मार्कांना येतं, इथे गाडीच्या जिवाशी येतं.

तेव्हा कामं वाटून द्यायची. कुठे थांबायचं हे रुळांनी ठरवायचं, कधी निघायचं हे घड्याळाने.

दोन डायोड, दोन कापे

डायोड म्हणजे विजेचा एकदिशा मार्ग. सगळी युक्ती त्यात आहे.

उत्तर रूळ सलग ठेवा. दक्षिण रूळ दोन्ही टोकांपासून ३० सें.मी. वर बारीक करवतीने कापा. कापा असा सोडू नका, उन्हाळ्यात रूळ प्रसरण पावून टोकं पुन्हा चिकटतात. त्यात प्लॅस्टिकचा पातळ तुकडा घालून अ‍ॅरल्डाइटने भरा आणि कानशीने वरचा भाग सपाट करा. आता दक्षिण रुळाचे तीन तुकडे झाले : पश्चिम टोक, मधला भाग, पूर्व टोक. वीज फक्त मधल्या भागाला द्यायची. टोकांना वीज मिळेल ती डायोडमधूनच.

पूर्व टोक पाहू. गाडी पूर्वेला येते तेव्हा दक्षिण रूळ धन. वीज मधल्या भागातून टोकाकडे जाऊ पाहते, तिला अडवायचं आहे. परत निघताना उत्तर रूळ धन. वीज मोटरमधून फिरून टोकाकडून मधल्या भागाकडे येते, तिला जाऊ द्यायचं आहे. म्हणून डायोडची पट्टी (म्हणजे कॅथोड) मधल्या भागाकडे.

पश्चिम टोकाला सगळं उलट. तिथे पट्टी टोकाकडे. आता दोन्ही एकत्र पाहा : पूर्व टोकाच्या डायोडची पट्टी पश्चिमेला, आणि पश्चिम टोकाच्या डायोडचीही पट्टी पश्चिमेला. दोन्ही कापे एकाच रुळात घेतले की दोन्ही डायोडची तोंडं एकाच बाजूला येतात. सोल्डरिंगच्या वेळी रात्री दोन वाजता एवढं लक्षात असलं तरी पुरे.

गाडी टोकाच्या तुकड्यात शिरते तेव्हा लगेच थांबत नाही. पुढचं चाक कापा ओलांडतं, पण मागचं चाक अजून मधल्या भागावर असतं आणि वीज मिळत राहते. मागचं चाक आत गेलं की वीज बंद. मग गाडी दोन-तीन सें.मी. घरंगळून थांबते. आमची ट्रॉली ११ सें.मी. लांब, म्हणजे ३० सें.मी. च्या तुकड्यात पुढे भरपूर जागा उरते. तुमची गाडी लांब किंवा वेगवान असेल तर आधी घरंगळण्याचं अंतर मोजा आणि मग कापा कुठे घ्यायचा ते ठरवा.

डायोड १एन४००७ पुरे. तो १ अँपिअर सोसतो, आपली छोटी मोटर त्याच्या बरीच खाली वीज घेते. डायोडवर सुमारे ०.७ व्होल्ट खर्च होतात, त्यामुळे टोकातून निघताना गाडी किंचित हळू असते आणि मधल्या भागात आली की वेग घेते. ड्रायव्हरने हँडल हळूच फिरवावं तसं दिसतं, तेही फुकटात.

घड्याळ आणि रिले

आता निघण्याची वेळ. ५५५ चं नेहमीचं अस्टेबल सर्किट घ्या. पहिला रेझिस्टर ४.७ किलोओहम, दुसरा ४७ किलोओहम, कपॅसिटर १००० मायक्रोफॅरड. सूत्राने,

आउटपुट वर : ०.६९३ × ५१.७ किलोओहम × १००० मायक्रोफॅरड = ३५.८ सेकंद
आउटपुट खाली : ०.६९३ × ४७ किलोओहम × १००० मायक्रोफॅरड = ३२.६ सेकंद

गाडीला लागतात १९ सेकंद. म्हणजे एका टोकाला सुमारे १७ सेकंद थांबा, दुसऱ्या टोकाला सुमारे १४. प्रवासी चढायला-उतरायला भरपूर वेळ! इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर छापील किमतीपेक्षा २० टक्के इकडेतिकडे असू शकतो. २० टक्के कमी धरला तरी लहान वेळ २६ सेकंद येते, म्हणजे आमची सगळ्यात मंद २१ सेकंदांची फेरीही त्यात बसते. स्वस्त कपॅसिटर चालतो, कारण त्याच्याकडून अचूकपणा मागितलेलाच नाही.

५५५ चं आउटपुट ४.७ किलोओहममधून बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला द्या, आणि तो ट्रान्झिस्टर १२ व्होल्टचा डीपीडीटी रिले ओढेल. कॉइलवर उलटा डायोड विसरू नका, नाहीतर रिले सुटतानाचा झटका ट्रान्झिस्टरला खातो. रिलेचे दोन कॉमन दोन रुळांना जोडा : पहिला दक्षिणेला (मधल्या भागाला), दुसरा उत्तरेला. रिले ओढलेला असताना दक्षिण धन, सुटलेला असताना उत्तर धन, अशी संपर्कांची फुली मारा.

पुरवठा १२ व्होल्ट, १ अँपिअरच्या अडॅप्टरचा. त्यातून ५५५ आणि रिलेला थेट, आणि रुळांना एलएम३१७ मधून ६ व्होल्टच्या आसपास. वेग हवा तसा लावायला तिथे प्रीसेट ठेवा. मोटरच्या ब्रशांचा गोंगाट ५५५ ला भ्रमिष्ट करतो, म्हणून त्याच्या पुरवठ्याच्या पायांपाशीच १०० आणि ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावा, आणि ५ नंबरच्या पायाला ०.०१.

एक छोटी गंमत. रिले बदलतो तेव्हा गाडी टोकाला बिनविजेची उभी असते, म्हणजे रुळांतून काहीच वाहत नसतं. संपर्कांवर ठिणगी नाही, म्हणून रिले खूप टिकतो. आम्ही हे मुद्दाम साधलं नव्हतं, कामं नीट वाटल्यामुळे ते आपोआप पदरात पडलं.

मामांचा प्रश्न

रूळ कापायला आम्ही वर्कशॉपच्या मामांकडे गेलो. मामांनी करवत हातात घेण्याआधी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरांनो, मधेच लाइट गेली न् परत आली, तर तुमच्या घड्याळाला कळणार का गाडी कुठंय ते?"

आमच्या शेवटच्या वर्षाच्या सेमिनारलाही कोणी इतका नेमका प्रश्न विचारलेला नाही. उत्तर असं : "नाही मामा, घड्याळाला कळणार नाही. पण त्याला कळायची गरजच नाही." वीज आली की ५५५ चा कपॅसिटर रिकाम्यापासून भरू लागतो, रिले ओढला जातो आणि गाडी कुठेही असो, पूर्वेला निघते. टोकाला पोचली की डायोड थांबवतो. हा पहिला थांबा लांब असतो, कारण रिकाम्या कपॅसिटरला दोन तृतीयांशापर्यंत भरायला १.१ × ५१.७ म्हणजे जवळजवळ ५७ सेकंद लागतात. तेवढ्यात गाडी टोकाला जाऊन निवांत उभी राहते आणि मग तिच्या येरझाऱ्या सुरू होतात.

मामांच्या प्रश्नावरून आम्ही एक यादीच केली. एका वेळी एकच गोष्ट बिघडली, तर गाडी कुठे जाईल?

१. टायमर अडकला : गाडी एका टोकाला जाऊन उभी राहते.
२. रिले चिकटला : तेच.
३. रिलेची कॉइल तुटली : गाडी पश्चिम टोकाला उभी राहते.
४. रुळांवर कचरा आला : गाडी वाटेत थांबते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ पुसा.
५. डायोड तुटून उघडा पडला : गाडी त्या टोकाला जाते आणि तिथेच राहते.
६. डायोड आतून शॉर्ट झाला : गाडी थांबत नाही!

सहावा मुद्दा महत्त्वाचा, कारण जास्त वीज गेली की डायोड बरेचदा शॉर्टच होतात. म्हणून दोन्ही टोकांना लाकडी ठोकळ्याचा, फोम लावलेला बफर पक्का स्क्रूने बसवला. गाडी त्याला टेकते, चाकं काही सेकंद घसरतात आणि रिले बदलला की परत येते. येणारा-जाणारा बघून सांगतो, "गाडी धडकते आहे." म्हणजे बिघाड कळतोही.

पहिल्या चाचणीआधी मल्टीमीटरने दोन्ही डायोडची दिशा तपासा. मग बफर बसवा. मगच गाडी रुळांवर ठेवा. हा क्रम बदलू नका.

आर्डुइनो का नाही

हा प्रश्न ज्युनियर हमखास विचारतात. जरूर वापरा. दोन्ही टोकांना सेन्सर, मध्ये एल२९८ ड्रायव्हर, वेग हळूहळू वाढवणं-कमी करणं, मधला थांबा, सगळं सुंदर जमतं. फक्त डायोड काढू नका. प्रोग्रॅम अडकू शकतो, सेन्सरवर प्रदर्शनातल्या हॅलोजनचा उजेड पडू शकतो, वायर निघू शकते. डायोडला यातलं काही कळत नाही, आणि तेच त्याचं बळ आहे. हुशारी वरच्या मजल्यावर ठेवा, सुरक्षितता तळमजल्यावर. एक सूचना मात्र : तुमचा लेआउट डीसीसी पद्धतीचा असेल तर त्या रुळांवर सतत दिशा बदलणारी चौकोनी लहर असते आणि दिशा गाडीतला डिकोडर ठरवतो. तिथे हे सर्किट असंच्या असं चालणार नाही.

ही विचारपद्धत आमची नाही, रेल्वेचीच आहे. १८७२ मध्ये अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. त्यात रुळांतून वाहणारी वीज एक रिले ओढून धरते आणि तोपर्यंतच सिग्नल हिरवा राहतो. गाडी आली की तिची चाकं रूळ शॉर्ट करतात, रिले सुटतो, सिग्नल लाल होतो. पण खरी कमाल पुढे आहे. बॅटरी संपली, वायर तुटली, तरीही रिले सुटतो आणि सिग्नल लालच होतो. आगगाडीच्या एअर ब्रेकचंही तसंच. पाइप फुटून हवा गेली की ब्रेक सुटत नाही, लागतो. बिघाड होणारच नाही असं तिथे कोणी गृहीत धरत नाही. बिघाड झाला तर गाडी उभी राहावी, एवढी व्यवस्था करून ठेवतात.

आपण सबमिशनला सर्किट दाखवतो ते चालतं म्हणून. पुढे आपल्यातलं कोणी लिफ्टवर काम करेल, कोणी बॉयलरवर, कोणी खऱ्याखुऱ्या सिग्नलवर. तिथे "चालतं का?" याच्या आधी "बंद पडलं तर कसं बंद पडतं?" हा प्रश्न विचारायचा असतो. ती सवय लावायला दोन डायोड, एक ५५५, एक रिले आणि दोन लाकडी ठोकळे पुरतात. गाडी सोडली तर हा सगळा खर्च रविवारच्या फीस्टपेक्षा कमी आहे.

थोडा स्वाध्याय

१. कोणी दोन्ही डायोड उलटे लावले, तर पूर्वेला निघालेल्या गाडीचं काय होईल? बफर नसेल तर?
२. पश्चिम टोकाचा कापा दक्षिणेऐवजी उत्तर रुळात घेतला, तर तिथल्या डायोडची पट्टी कुठे येईल?
३. रुळांचा व्होल्टेज इतका कमी केला की गाडीला मधलं अंतर कापायला ५० सेकंद लागतात. गाडी पडेल का? ती नेमकी कुठे येरझाऱ्या घालेल?

उत्तरं कागदावर काढा आणि मग कॉमन रूममध्ये येऊन पडताळून पाहा. गाडी तिथेच आहे. फक्त तिसऱ्या प्रश्नासाठी प्रीसेट फिरवलात, तर जाताना पुन्हा जागेवर आणून ठेवा!